आभासी प्रोसेसरांचे अतिवाटप आणि आज्ञावलीने द्यावयाचा इशारा

पदवीच्या दुसऱ्या वर्षाची ऑपरेटिंग सिस्टिमची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. प्रयोगशाळेत 8 कोअरचा, हायपर-थ्रेडिंग बंद ठेवलेला एक इंटेल सर्व्हर होता. त्यावर झेन ही आभासीकरणाची प्रणाली बसवून 20 विद्यार्थ्यांसाठी 20 आभासी यंत्रे तयार केली होती आणि प्रत्येक यंत्राला 4 आभासी प्रोसेसर दिले होते. पहिला अर्धा तास काही तक्रार आली नाही, कारण विद्यार्थी उत्तरपत्रिकेवर प्रोग्रॅम लिहीत होते आणि नंतर तो टंकित करीत होते. मग सर्वांनी जवळजवळ एकाच वेळी प्रोग्रॅम चालवायला घेतले आणि वीसही पडदे अडखळू लागले. कळ दाबल्यावर अक्षर उमटायलाही वेळ लागू लागला. प्रश्न थ्रेडवर आणि स्पिनलॉकवर होता. एका विद्यार्थिनीचा प्रोग्रॅम चालू होई, पण संपतच नसे. आपलेच काही चुकले असावे असे समजून तिने तो पुसला, दुसऱ्या रीतीने लिहिला, तोही पुसला आणि तिसऱ्यांदा लिहिला. मी त्या दिवशी पर्यवेक्षक होतो आणि मलाही तिचेच चुकले असावे असे वाटले, हे येथे नमूद केले पाहिजे.

नंतर आम्ही यंत्रे तयार करताना दिलेल्या आज्ञा तपासल्या. त्यांतील एकही आज्ञा एकेकटी पाहिली तर चुकीची नव्हती. सर्व्हरमध्ये 8 प्रोसेसर असताना एका यंत्राला 4 दिले, यात कोणती आज्ञावली कशाला हरकत घेईल? पण हीच आज्ञा वीस वेळा दिली गेली होती. पुढे त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने कमाल मर्यादा 16 ठेवलेल्या एका यंत्राला 16 आभासी प्रोसेसर देऊन पाहिले, तेव्हा मात्र आज्ञावलीने ताबडतोब अडवले आणि 'तुम्ही अतिवाटप करीत आहात' असे स्पष्ट सांगितले. हा इशारा नेमका कशाबद्दल असतो आणि कशाबद्दल नसतो, हे आपल्या प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या अध्यापकांना ठाऊक असावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

अतिवाटप म्हणजे काय

ज्या संगणकावर आभासी यंत्रे चालतात त्याला यजमान आणि त्या यंत्रांना पाहुणे म्हणण्याचा प्रघात आहे. पाहुण्याला आपल्याकडे 4 प्रोसेसर आहेत असे दिसते. प्रत्यक्षात ते चार प्रोसेसर म्हणजे यजमानाच्या शेड्युलरने चालवायची चार कामे असतात. लिनक्समधील केव्हीएम या पद्धतीत, जी फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्सच्या 2.6.20 आवृत्तीत आली, प्रत्येक आभासी प्रोसेसर हा क्यूईएमयू या प्रक्रियेतील एक साधा थ्रेड असतो. इतर कोणत्याही थ्रेडप्रमाणे त्याला पाळी मिळते आणि पाळी संपली की त्याला बाजूला व्हावे लागते. 2003 मध्ये केंब्रिज विद्यापीठातून बाहेर आलेल्या झेनमध्ये हे काम झेनचा स्वतःचा शेड्युलर करतो. तत्त्व एकच आहे.

यजमानाकडे असलेल्या प्रत्यक्ष प्रोसेसरांपेक्षा जास्त आभासी प्रोसेसर वाटणे म्हणजे अतिवाटप. मेमरीचेही अतिवाटप होते, पण त्याचे परिणाम वेगळे. मेमरी खरोखरच संपली तर यजमान डिस्कवर स्वॅप करू लागतो किंवा एखादी प्रक्रिया सरळ बंद करतो. काहीतरी बिघडल्याचे लगेच कळते. प्रोसेसरचे अतिवाटप झाले तर काहीच बंद पडत नाही आणि चुकीचा संदेशही येत नाही. सर्व चालू राहते, फक्त सावकाश. म्हणूनच ते ओळखायला कठीण जाते आणि म्हणूनच दोष प्रोग्रॅमवर किंवा विद्यार्थ्यावर ढकलला जातो.

थोडा हिशोब करू. झेनच्या जुन्या क्रेडिट शेड्युलरमध्ये एका पाळीची ठरलेली लांबी 30 मिलिसेकंद असते. आमच्या सर्व्हरवर 20 गुणिले 4, म्हणजे 80 आभासी प्रोसेसर 8 कोअरवर होते. एका कोअरच्या वाट्याला 10. दहाही जण कामात असतील तर एकाची पाळी संपल्यावर पुन्हा येईपर्यंत इतर नऊ जणांचे 270 मिलिसेकंद जातात. माणसाला ही थांबण चांगलीच जाणवते. झेनच्या 4.12 या आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून, क्रेडिट-2 हा शेड्युलर आपोआप निवडला जातो आणि त्याची पाळ्या ठरवण्याची रीत बरीच सुधारलेली आहे. पण आठ कोअरमध्ये ऐंशी जणांचे पूर्ण काम बसवण्याची युक्ती कोणत्याही शेड्युलरजवळ नाही.

मात्र एवढ्यावरून अतिवाटप वाईटच, असे समजू नये. बहुतेक यंत्रे बहुतेक वेळ रिकामी असतात. विद्यार्थी विचार करतो, टंकित करतो, शेजाऱ्याशी बोलतो. त्या वेळी त्याच्या आभासी प्रोसेसरला पाळी नकोच असते. एका प्रोसेसरची दहा यंत्रे दोन कोअरवर आनंदाने चालतात, जर ती सर्व एकदम कामाला लागली नाहीत तर. परीक्षेत ती एकदम कामाला लागतात, ही आपली विशेष अडचण आहे आणि ती विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

किल्ली घेऊन गेलेला माणूस

पाळी उशिरा येणे एवढाच तोटा असता तर काम दहापट सावकाश होऊन का होईना, पण संपले असते. त्या विद्यार्थिनीचा प्रोग्रॅम संपतच नव्हता, याचे कारण निराळे आहे. तो या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा आणि अध्यापनाच्या दृष्टीनेही रंजक भाग आहे.

अनेक थ्रेडना एकच सामायिक वस्तू वापरायची असेल तर तिला कुलूप लावतात. स्पिनलॉक या प्रकारात ज्याला कुलूप मिळत नाही तो झोपत नाही. कुलूप उघडले का, उघडले का, असे पुन्हा पुन्हा पाहत तेथेच घुटमळत राहतो. कल्पना करावी की प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली एकाकडे आहे आणि तिघे दाराशी उभे आहेत. किल्लीवाला क्षणभरात काम उरकून किल्ली देणार असेल तर उभे राहणेच शहाणपणाचे. खाली जाऊन बसून पुन्हा वर येण्यात जास्त वेळ जाईल. स्पिनलॉक याच गृहीतावर उभा आहे. खऱ्या संगणकात हे गृहीत बहुतेक वेळा खरे असते.

आता किल्ली खिशात असतानाच त्या माणसाला प्राचार्यांनी दुसऱ्या इमारतीत पर्यवेक्षणाला पाठवले, तर? अतिवाटप झालेल्या यजमानावर हेच घडते. पाहुण्याच्या चार आभासी प्रोसेसरांपैकी ज्याने कुलूप धरले आहे नेमका त्यालाच यजमान पाळी संपली म्हणून बाजूला काढतो. उरलेले तिघे पाळी मिळाली की ती सर्वच्या सर्व दाराशी उभे राहण्यात घालवतात. यजमानाला वाटते हे तिघे भारी काम करीत आहेत, कारण त्यांचा प्रोसेसर 100 टक्के व्यस्त दिसतो. म्हणून तो त्यांना इमानाने पाळ्या देत राहतो आणि ज्याच्या हाती किल्ली आहे तो रांगेत मागे उभा असतो.

या घटनेला संशोधनात 'लॉक-होल्डर प्रीएम्प्शन' म्हणतात. 2004 साली फोल्कमार ऊलिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुप्रोसेसर आभासी यंत्रांविषयीच्या शोधनिबंधात तिची सविस्तर चर्चा केली. 2008 साली लिनक्सच्या 2.6.25 आवृत्तीत टिकिट स्पिनलॉक आले, तेव्हा प्रश्न अधिकच बिकट झाला. टिकिट स्पिनलॉक म्हणजे बँकेतील टोकन. क्रमाने ज्याचा नंबर आला त्यानेच पुढे जायचे. न्यायाच्या दृष्टीने उत्तम. पण ज्याचा नंबर पुकारला तोच बाहेर गेला असेल तर मागचा कोणीही, अगदी हजर असला तरी, खिडकीपाशी जाऊ शकत नाही. पुढे पाहुण्याच्या कर्नेलला यजमानाशी बोलून 'मी थांबतो, मला नंतर उठवा' असे सांगण्याची सोय केली गेली. इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच असे निरर्थक घुटमळणे ओळखण्याची तरतूद केली.

येथे एक बारकावा आहे. इंटेलची ही तरतूद, जिला पॉज-लूप एक्झिटिंग म्हणतात, फक्त पाहुण्याच्या कर्नेलमध्ये चाललेले घुटमळणे ओळखते. विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये वापरलेला स्पिनलॉक कर्नेलच्या बाहेर चालतो. त्याला त्या सोयीचा काहीच लाभ होत नाही. आमच्या परीक्षेतील प्रश्न नेमका असाच होता.

चारही प्रोसेसर एकाच वेळी चालवण्याची हमी दिली तर हा प्रश्न सुटेल, असे कोणालाही सुचेल. व्हीएमवेअरने ईएसएक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत जवळपास तसेच केले होते. पण मग चार प्रोसेसरच्या यंत्राला चार कोअर एकदम रिकामे होईपर्यंत ताटकळावे लागे आणि कोअर विनाकारण मोकळे राहत. 2006 च्या ईएसएक्स 3 पासून त्यांनी हा नियम सैल केला. तरीही यंत्राला गरजेपेक्षा जास्त प्रोसेसर दिले की ते वेगवान होण्याऐवजी मंदावू शकते, ही गोष्ट तेथेही खरीच राहिली.

आज्ञावली काय सांगतात

चुकीची संख्या टंकित झाली की प्रत्येक साधन आपापल्या स्वभावाप्रमाणे वागते. ते स्वभाव शेजारी शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक आहे.

झेनच्या एक्सएल या साधनात 'व्हीसीपीयू-सेट' ही उपआज्ञा चालू यंत्राच्या आभासी प्रोसेसरांची संख्या बदलते. मागितलेली संख्या यजमानाच्या प्रोसेसरांहून जास्त असेल तर ती प्रत्यक्ष प्रोसेसर किती, मागितले किती, हे दोन्ही आकडे सांगून काम थांबवते आणि पुढे जायचेच असेल तर 'इग्नोर-होस्ट' हा पर्याय लावा असे सुचवते. मला ही रचना फार आवडते. ती नुसते 'चूक' म्हणत नाही. आकडे देते, कारण देते आणि वाटही दाखवते. वाट ठेवणे आवश्यक आहे, कारण अतिवाटप मुद्दाम करण्याची रास्त कारणे असतात. 16 प्रोसेसरांच्या यंत्रावर आपले कर्नेल सुरू होते की नाही, थ्रेडच्या आपसातील शर्यतीचे दोष उघडकीस येतात की नाही, हे पाहणाऱ्याजवळ लहानसा लॅपटॉपच असू शकतो. त्याला वेग नको आहे, फक्त संख्या हवी आहे.

याच तपासणीत आरंभी एक गमतीदार उणीव राहिली होती. मागितलेली संख्या यजमानाच्या संख्येहून मोठी आहे का, एवढेच ती पाही. यंत्राकडे आधी किती आहेत हे पाहत नसे. समजा 8 प्रोसेसरच्या यजमानावर कोणी मुद्दाम 16 ची परवानगी घेतली आणि नंतर पश्चात्ताप होऊन ती 12 वर आणायचे ठरवले, तर त्यालाही 'तुम्ही अतिवाटप करीत आहात' असेच ऐकावे लागे. म्हणजे जो रोग कमी करायला निघाला त्यालाच वैद्य दारातून परत पाठवतो. झेनच्या विकासकांनी पुढे हे दुरुस्त केले: संख्या कमी करायची असेल तर इशारा न देता करू दिली जाते. विद्यार्थ्यांना इनपुटची तपासणी कशी लिहावी हे शिकवताना हे उदाहरण मी आता नेहमी देतो. नवी किंमत मर्यादेत आहे का, हा एक प्रश्न. बदलाची दिशा कोणती, हा दुसरा.

केव्हीएमसाठी वापरले जाणारे 'व्हर्ट-इन्स्टॉल' हे साधन जुन्या आवृत्त्यांत वेगळ्या पद्धतीने चाले. त्यात 'चेक-सीपीयू' नावाचा एक पर्याय होता. तो लावला तर मागितलेले प्रोसेसर प्रत्यक्ष प्रोसेसरांहून जास्त असल्यास साधन सांगे की हे चालेल, पण कामगिरी वाईट होईल. खात्री आहे ना? शब्द अगदी योग्य. पण पर्याय लावला तरच! ज्याला धोक्याची कल्पना आहे तोच हा पर्याय लावणार आणि ज्याला कल्पना आहे त्याला इशाऱ्याची गरजच नाही. आजच्या माहितीपुस्तिकेत हा पर्याय दिसत नाही. त्याच कुटुंबातील व्हर्ट-मॅनेजर या खिडक्यांच्या साधनात मात्र संख्या मर्यादेपलीकडे नेली की जागच्या जागी सूचना उमटते.

त्याखालच्या थरावरील क्यूईएमयू दोन रेषा आखते. केव्हीएमने सुचवलेली संख्या ओलांडली तर ताकीद देऊन पुढे जाते. केव्हीएमची कमाल संख्या ओलांडली तर यंत्र सुरूच करत नाही. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरमध्ये एका यंत्राला यजमानाच्या तार्किक प्रोसेसरांहून अधिक आभासी प्रोसेसर देताच येत नाहीत. आभासी यंत्र नसले तरी डॉकरचाही उल्लेख येथे करायला हरकत नाही, कारण आपल्याकडे तो आता शिकवला जातो: चार प्रोसेसरच्या संगणकावर कंटेनरला पाच मागितले तर तो साफ नकार देतो आणि किती ते किती मागता येतील ते सांगतो.

आता ही सर्व साधने एकत्र पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. मी पाहिलेला प्रत्येक इशारा एका यंत्राची तुलना यजमानाशी करतो. सर्व यंत्रांची बेरीज करीत नाही. याला कारण आहे. एकाच यंत्राला यजमानाहून जास्त प्रोसेसर दिले तर वेगाच्या दृष्टीने ते निश्चितपणे निरर्थक असते: आठ कोअरवर सोळा आभासी प्रोसेसर एका क्षणी आठांहून जास्त कधीच चालणार नाहीत आणि एकाच यंत्राचे भाऊ एकमेकांनाच ढकलत बसतील. हे आज्ञा टंकित होताक्षणी सांगता येते. बेरीज किती झाली म्हणजे त्रास होईल, हे मात्र यंत्रे काय काम करणार यावर अवलंबून असते आणि ते आज्ञावलीला माहीत नसते. आम्हाला माहीत होते. वीस जण एकाच वेळी स्पिनलॉक चालवणार, हे प्रश्नपत्रिकेतच लिहिले होते.

प्रोसेसर मोजायचे कसे

इशाऱ्यातील दुसरा आकडा, म्हणजे यजमानाचे प्रोसेसर, हाही वाटतो तितका साधा नाही. हायपर-थ्रेडिंग चालू असेल तर 4 कोअरचा संगणक 8 तार्किक प्रोसेसर दाखवतो. एक्सएल हे तार्किक प्रोसेसर मोजते. जुने व्हर्ट-इन्स्टॉलही सॉकेट, कोअर आणि थ्रेड यांचा गुणाकारच करीत असे. उलट व्हर्च्युअलबॉक्सची माहितीपुस्तिका सांगते की प्रत्यक्ष उपलब्ध असलेल्या कोअरहून जास्त प्रोसेसर देऊ नका आणि हे मोजताना खरे कोअरच धरा, हायपर-थ्रेड धरू नका. म्हणजे त्याच संगणकावर 8 प्रोसेसरचे यंत्र केले तर एका साधनाला ते मर्यादेत वाटेल आणि दुसऱ्याला दुप्पट. एका कोअरचे दोन थ्रेड गणन करणारे बरेचसे भाग सामायिक वापरतात, त्यामुळे दोन थ्रेड म्हणजे दोन कोअर नव्हेत. माझे मत व्हर्च्युअलबॉक्सच्या बाजूने आहे. एल-एस-सीपीयू ही आज्ञा सॉकेट, कोअर आणि थ्रेड वेगवेगळे दाखवते. नुसता एन-प्रॉक चालवला तर तार्किक संख्या मिळते. झेनमध्ये मात्र डॉम-0 हा स्वतःही एक पाहुणाच असल्याने या आज्ञा तेथे त्याचेच आभासी प्रोसेसर दाखवतात. यजमानाचा खरा आकडा एक्सएलच्या 'इन्फो' या उपआज्ञेतून घ्यावा. शिवाय डॉम-0 लाही प्रोसेसर लागतोच, ही गोष्ट हिशोबात हटकून विसरली जाते.

बेरजेचे प्रमाण किती असावे याबद्दल एकवाक्यता नाही. रेड हॅटच्या सहाव्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत एका प्रोसेसरची यंत्रे आणि 100 टक्क्यांच्या आतील भार असेल तर एका कोअरला पाच आभासी प्रोसेसर सुरक्षित मानले होते. त्यांच्या पुढील मार्गदर्शिकेत एका कोअरमागे दहा ही वरची मर्यादा दिली आहे. ओपनस्टॅक या मेघसंगणन प्रणालीत हे प्रमाण कित्येक वर्षे आपोआप सोळा धरले जाई, पुढे ते चारवर आणले गेले. परीक्षेच्या तासापुरते मी कोणालाही दोन-अडीचच्या वर जाऊ नका असे सांगेन. हा आकडा अनुभवातून आलेला आहे, सिद्धांतातून नव्हे.

अंदाजापेक्षा मोजणे बरे. पाहुण्यामध्ये टॉप ही आज्ञा चालवली की प्रोसेसरच्या ओळीत शेवटी 'एसटी' हा आकडा दिसतो. तो म्हणजे स्टील, चोरीला गेलेला वेळ: पाहुण्याला काम करायचे होते, पण यजमानाने पाळी दिली नाही असा वेळ. लिनक्सच्या 2.6.11 आवृत्तीपासून, म्हणजे 2005 पासून, हा आकडा वेगळा नोंदला जातो. तो शून्याजवळ असेल तर मंदपणाचे कारण दुसरीकडे शोधावे. तो सतत मोठा असेल तर विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी यजमानाकडे पाहावे. व्हीएमवेअरमध्ये ईएसएक्स-टॉपमधील 'रेडी' हा स्तंभ साधारण हेच सांगतो, फक्त यजमानाच्या बाजूने.

हाच विषय प्रात्यक्षिक म्हणूनही घेता येतो. दोन किंवा चार कोअरचा एखादा जुना संगणक घ्यावा, त्यावर एकच यंत्र करावे आणि त्याला अनुक्रमे 1, 2, 4, 8 आभासी प्रोसेसर देऊन तोच प्रोग्रॅम तितक्याच थ्रेडनी चालवावा. लागलेला वेळ आणि 'एसटी' लिहून ठेवावे. एकदा म्यूटेक्स वापरून आणि एकदा स्पिनलॉक वापरून. कोअरच्या संख्येपर्यंत वेळ घटतो. त्यापुढे म्यूटेक्सचा आलेख साधारण सपाट होतो आणि स्पिनलॉकचा वर चढू लागतो. विद्यार्थ्यांना हा फरक फळ्यावर समजावून सांगण्यापेक्षा त्यांनी तो स्वतः आलेखात काढलेला बरा.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दोन बदल केले. पहिला, वीस जणांचे दहा-दहांचे दोन गट केले आणि प्रत्येक यंत्राला 2 आभासी प्रोसेसर दिले. एकच प्रोसेसर दिला असता तर बेरीज आणखी कमी झाली असती, पण मग स्पिनलॉकच्या प्रश्नालाच अर्थ उरला नसता. वाट पाहणारा आणि किल्लीवाला एकाच वेळी चालण्यासाठी किमान दोन हवेत. दहा दुणे वीस, आणि कोअर आठ. दुसरा, यंत्रे तयार करणाऱ्या आज्ञांभोवती एक लहानशी शेल स्क्रिप्ट लिहिली. ती आधी चालू असलेल्या सर्व यंत्रांचे आभासी प्रोसेसर मोजते, त्यात नवे मिळवते, खऱ्या कोअरच्या अडीचपटीहून जास्त होत असतील तर तिन्ही आकडे दाखवून थांबते आणि यंत्र तयार झाले नाही हे बाहेर पडतानाच्या संकेतांकातूनही कळवते, म्हणजे वीस यंत्रे करणारा लूप पुढे धावत सुटत नाही. मुद्दाम पुढे जायचे असेल तर एक लांब नावाचा पर्याय टंकित करावा लागतो. नुसते 'वाय' दाबून चालत नाही. संख्या कमी करणाऱ्या आज्ञेला ती अडवत नाही.

त्या विद्यार्थिनीचा पहिला प्रोग्रॅम संगणकावर उरला नव्हता, पण नियमाप्रमाणे तो आधी उत्तरपत्रिकेवर लिहिलेला होता. आम्ही तो पानावरून जसाच्या तसा टंकित केला आणि दोन प्रोसेसरच्या यंत्रावर, इतर सर्व यंत्रे बंद ठेवून, चालवला. कळ दाबून हात उचलेपर्यंत उत्तर पडद्यावर होते. बहिःस्थ परीक्षकांना ते दाखवले आणि गुणपत्रिका पाठवण्यापूर्वी तिचे व इतर चौघांचे गुण दुरुस्त झाले.